बोरिवली ते मुलुंड, व्हाया डबलडेकर

दिवाळीच्या किल्ल्याभोवती बेस्टची लाल डबलडेकर फिरवणे हे इतिहासाला धरून नाही, हे मला कबूल आहे. पण आमच्या बोरिवलीच्या सोसायटीतल्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी एक प्लॅस्टिकचा वाघ, दोन जर्सी गाई आणि बॅट उगारलेला एक क्रिकेटवीर वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने नांदत आले आहेत. तेव्हा २०२३ च्या दिवाळीत आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने किल्ल्याखालच्या रस्त्यावरून डबलडेकर धावली पाहिजे, असा हुकूम सोडला, तेव्हा मी इतिहासाचा मुद्दा काढला नाही. मुद्दा काढला तो वेगळाच. मी म्हणालो, "धावणार कशी? ढकलायची का?"

"छे! आपली आपण धावली पाहिजे. रिमोटवर. आणि मोटार दिसता कामा नये."

या शेवटच्या अटीपायी मला अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड अशी उपनगरांची प्रदक्षिणा घडली.

नातवाच्या डोक्यात ही बस शिरली ती त्याच वर्षीच्या १५ सप्टेंबरला. त्या दिवशी मुंबईतली जुन्या पद्धतीची, डिझेलवर चालणारी शेवटची डबलडेकर अंधेरी पूर्वेला धावली. मार्ग क्रमांक ४१५, आगरकर चौक ते सीप्झ. मुंबईत १९३७ साली आलेली ही बस शहाऐंशी वर्षांनी निवृत्त होत होती. विजेवर चालणाऱ्या, वातानुकूलित नव्या डबलडेकर त्या आधीच शहरात आल्या होत्या. पण खिडकीतून वारा खात जाण्याची ती गंमत संपणार होती. मी नातवाला घेऊन गेलो. बसला फुलांच्या माळा घातल्या होत्या, माणसे मोबाइल उंच धरून फोटो काढत होती. आपण एखाद्या लग्नाला आलो आहोत की निरोप द्यायला, हेच कळेना.

मला जाणे भागच होते. आमचे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. डबलडेकरला कंडक्टर दोन लागत, एक खाली आणि एक वर. वडील बहुधा वरच्या मजल्यावर असत. आम्ही तेव्हा अंधेरीला एका खोलीत राहत होतो. सुटीच्या दिवशी वडील आम्हा दोघा भावांना वर, अगदी पुढच्या काचेपाशी बसवत. समोर रस्ता, खाली माणसांची डोकी, आणि झाडाची फांदी काचेवर आपटली की आम्ही दोघेही डोके खाली घालत असू. त्या बाकावर जागा दोघांचीच. भांडण खिडकीकडच्या जागेवरून.

पुढे मोठेपणी ती खोली विकताना दोघांत काही शब्द झाले. फार मोठे नव्हते. पण ते परत घ्यायला कोणी कोणाच्या घरी गेले नाही, आणि बघता बघता आठ वर्षे लोटली. लग्नकार्यात भेट होई. "बरं आहे ना?" "बरं आहे." एवढ्यावर भागे. तो मुलुंडला, मी बोरिवलीला. नकाशावर पाहिले तर दोन्ही गावे शेजारशेजारची. मध्ये फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पण सरळ रेषेत जायचे तर बिबट्याची परवानगी काढावी लागते, आणि वळसा घेऊन जायला निमित्त लागते. असो.

बस बांधायला फार दिवस लागले नाहीत. नातवाकडे लेगोच्या विटांचा एक टब आहे, आणि लाल विटांना तोटा नाही. या विटा डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावच्या. आजची वीट जिच्यावर आधारलेली आहे तिच्या पेटंटचा अर्ज १९५८ च्या २८ जानेवारीचा. आणि गंमत अशी की त्या साली केलेली वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. दोन गोट्यांमधले अंतर आठ मिलिमीटर, ते त्यांनी बदललेलेच नाही. आमची बस आठ गोट्या रुंद झाली, म्हणजे चौसष्ट मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की आत उरली सहा गोट्यांची जागा. अठ्ठेचाळीस मिलिमीटर! एवढ्यात सगळा संसार थाटायचा.

मी मध्यमवर्गीय माणूस. आधी स्वस्तातला मार्ग धरला. लॅमिंग्टन रोडला जाऊन एक पिवळी 'बीओ मोटार' आणली. शाळकरी मुले प्रयोगाच्या गाड्यांना लावतात ती. रुंदी बावीस मिलिमीटर. म्हणजे तीन गोट्यांच्या चोवीस मिलिमीटरच्या जागेत बसायला हरकत नव्हती. पण तिचा दांडा दोन बाजूंनी चपटा, आणि लेगोच्या आसाचा छेद अधिकच्या चिन्हासारखा. दोघांचे लग्न मी एम-सीलने लावले. ते अर्धा दिवस टिकले. शिवाय मोटारीची लांबी सत्तर मिलिमीटर. ती आडवी बसवली तेव्हा बसच्या कुशीतून पिवळा डबा असा बाहेर आला, की आमची ही म्हणाली, "हिला दवाखान्यात न्या!"

नातवाने मात्र गंभीरपणे विचारले, "आजोबा, खऱ्या गाडीची मोटार कुठे असते?"

"ते मुलुंडच्या आजोबांना ठाऊक," मी बोलून गेलो. माझ्या भावाचा उभा जन्म रेल्वेच्या कारशेडमध्ये, लोकलखाली वाकून गेला होता.

"मग त्यांना विचारू या की!"

मुलांना आपण अबोल्याची कारणे समजावून सांगू शकत नाही. सांगू लागलो की ती आपल्यालाच पटेनाशी होतात. रविवारी सकाळी बस चपलांच्या खोक्यात ठेवून आम्ही निघालो.

बोरिवलीहून लोकल. नातू जमिनीला कान लावायच्या बेतात होता. आमचा डबा मोटारीचा होता, पायाखाली गुंऽऽ असा आवाज येत होता. अंधेरीला उतरून मेट्रो. ही मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. तोपर्यंत अंधेरीहून घाटकोपरला बसने जायचे म्हणजे साकीनाक्याला अर्धे आयुष्य काढायचे. आता वीसेक मिनिटांत माणूस पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर येतो. असल्फा आले तशी टेकडीवरची रंगवलेली घरे दिसू लागली. निळी, पिवळी, गुलाबी, एकावर एक. नातू म्हणाला, "आजोबा, टब उपडा केलाय!" मी हसलो, मग वाटले, या टबातली प्रत्येक वीट कोणीतरी पोटाला चिमटा घेऊन बसवली आहे. सकाळी त्या टेकडीवरून उतरणारी माणसेच या उपनगरांना चालवतात. त्यांचीही मोटार बाहेरून दिसत नाही.

घाटकोपरला पुन्हा लोकल. विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर आणि मुलुंड. मुलुंडचे रस्ते मुंबईच्या मानाने फार शहाण्यासारखे, सरळ आणि काटकोनात. १९२२ च्या सुमारास गावाची आखणी आधी कागदावर झाली आणि घरे मागाहून आली, त्याचा हा गुण. पाच रस्ता ओलांडून भावाच्या दारात उभा राहिलो तेव्हा घंटी मी वाजवली नाही. नातवाने वाजवली.

"ये दादा," भाऊ म्हणाला. जणू काल संध्याकाळीच उठून गेलो होतो. मग खोक्याकडे बघून म्हणाला, "हे काय?"

आयुष्यभर आधी दीड हजार आणि पुढे पंचवीस हजार व्होल्टच्या तारेवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस नऊ व्होल्टच्या बसपुढे चष्मा लावून बसला. त्याचा मुलगा जर्मनीत असतो. त्याचे लहानपणचे लेगोचे मोटारींचे डबे माळ्यावर होते. २००७ साली बाजारात आलेली जुनी पद्धत, अवरक्त किरणांच्या रिमोटची. २०१८ पासून तिच्या जागी ब्लूटूथवर चालणारी नवी आली आहे. पण माळ्यावरच्या मोटारी अजून फिरत होत्या.

"दादा, आधी जागा बघायची, मग मोटार," तो सांगू लागला. "लोकलच्या सगळ्या डब्यांना मोटार नसते. ठरावीक डब्यांना असते, तीही खाली चाकांपाशी. बाकीचे डबे मागून येतात. म्हणून तर माणसांना बसायला जागा उरते."

मग त्याने एकेक बसवले. तीन गोट्या रुंद मोटार मागच्या चाकांपुढे. तिच्यावर आठ दात्यांचे चक्र, ते चोवीस दात्यांच्या चक्राला फिरवणारे. वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो, पण जोर जवळजवळ तिप्पट होतो. मागच्या आसात डिफरन्शियल, कारण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पल्ला मारावा लागतो. दोन्ही चाके एकाच आसाला जखडली तर बस फरफटते. पुढची चाके वळवायला वेगळी मोटार. आस फार आवळून बसवला होता, तो त्याने किंचित सैल केला. "घट्ट बसवलं की मजबूत होतं असं वाटतं. उलट, फिरायचंच थांबतं," तो म्हणाला. मी काही बोललो नाही.

सेलचा डबा मी वरच्या मजल्यावर ठेवायला सांगितला. छत उचलले की सेल बदलता येतील, हा माझा हिशेब. त्याने वाद घातला नाही. ठेवला आणि बस वळवून दाखवली. ती पहिल्याच वळणाला आडवी झाली.

"वजन खाली," तो म्हणाला. सहा बारीक सेलांचा डबा खालच्या मजल्यावर, दोन मोटारींच्या मधोमध गेला. रिमोटचा संदेश टिपणाऱ्या डोळ्याला मात्र झाकून चालत नाही; त्याची नजर मोकळी लागते. त्याचा काळा चेहरा बरोबर बसला तो पुढच्या पाटीच्या चौकटीत, जिथे ४१५ लिहायचे होते तिथे! तारा जिन्यामागून घेतल्या. आणि शेवटी वरचा अख्खा मजला त्याने चारच गोट्यांवर टेकवला.

"एवढा सैल?" मी विचारले.

"लपवायचं ते असं लपवायचं, दादा, की दुरुस्त करायला हात पोचला पाहिजे. नाहीतर बिघाड आतच राहतो, आणि बाहेरून गाडी चांगली दिसते."

तो हे बसविषयीच बोलत होता. निदान त्याची नजर बसवरच होती. वहिनींनी तेवढ्यात पोहे आणले.

वजन खाली गेल्यामुळे वरचा मजला अगदी रिकामा झाला होता. नातवाने पुढच्या काचेपाशी दोन बाहुल्या बसवल्या आणि विचारले, "यातला खिडकीकडचा कोण?"

"मी," आम्ही दोघेही एकदम म्हणालो.

त्या दिवाळीला भाऊ सहकुटुंब बोरिवलीला आला. सकाळी सगळ्या सोसायटीसमोर बस रस्त्यावर आणली, आणि ती जागची हलेना. मुले हसू लागली. भावाने वर पाहिले, छत्री मागवली आणि बसवर धरली. भर उन्हात अवरक्त किरणांचा रिमोट गोंधळतो. सावली पडताच बस निघाली. राजगडाखालून लाल डबलडेकर जाते आहे आणि तिच्यावर छत्री धरून एक रेल्वेचा निवृत्त कारागीर वाकून चालतो आहे, असे दृश्य महाराष्ट्राने पाहिले नसेल! संध्याकाळी पणत्या लागल्यावर छत्रीची गरज उरली नाही. एकदा मध्येच बस थांबली तेव्हा नातवाने वरचा मजला उचलला, सैल झालेली तार दाबली आणि मजला परत ठेवला. दोन मिनिटांचे काम.

दिवाळीनंतर किल्ला मोडला. बस मात्र आहे. ती महिनाभर बोरिवलीला असते, महिनाभर मुलुंडला; मुलुंडचे आजोबा तिच्यात सतत काही सुधारणा करत असतात. चपलांच्या खोक्यातून तिला पोचवायला आणि परत आणायला कोणाला तरी जावे लागते. बहुधा मीच जातो.