पहाटेची बांग आणि शेजारधर्म
कोंबड्याची पहाटेची बांग ही केवळ उजेडाला दिलेली प्रतिक्रिया नसून ती जैविक घड्याळाने, म्हणजे दिवसरात्रीचे भान राखणाऱ्या शरीरांतर्गत यंत्रणेने, ठरते, हे जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले. त्यामुळे नागपूरच्या महाल-इतवारीसारख्या दाट वस्तीत खुराडे काळोखे ठेवले तरी बांग पूर्णपणे थांबत नाही. निवासी क्षेत्रात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची कायदेशीर मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि बांग बहुधा याच वेळेत सुरू होते. मात्र वैदर्भीय उन्हाळ्यात खुराडे कोंदून आवाज दाबणे पक्ष्याच्या जिवावर बेतू शकते. अंडी देण्यासाठी कोंबडीला नराची गरज नसते, ती केवळ पिलांसाठी असते. म्हणून दाट वस्तीत फक्त माद्याच पाळाव्यात आणि कोंबडा मोकळ्या आवारातच ठेवावा, यातच पक्ष्याचे व शेजाऱ्यांचे हित आहे.