मोठे टायर आणि जास्त पॉवरची गोळी

"डॉक्टर, जरा जास्त पॉवरची गोळी द्या ना!" ही मागणी दवाखान्यात रोज होते. माझे उत्तर ठरलेले असते. आजार कोणता, गरज किती आणि दुष्परिणाम काय, हे पाहिल्याशिवाय डोस वाढवायचा नाही. यंदा माझ्या थारचे टायर बदलायची वेळ आली, तेव्हा हाच नियम मी स्वतःला लावून पाहिला.

दर महिन्याला मी डोंगरावरच्या एका वाडीत रुग्ण तपासायला जातो. शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता आहे आणि पावसाळ्यात तिथे नुसता चिखल असतो. गाडी अडली तर तपासणी राहते आणि रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या पोहोचत नाहीत. त्यामुळे तरुण मित्रांचा सल्ला मोहात पाडणारा होता. "सर, मोठे टायर टाका, गाडी कुठेच अडणार नाही!"

आधी फायदा मोजू. माझ्या टायरचे माप २४५/७५ आर १६ आहे. म्हणजे रुंदी २४५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १६ इंचांची. याचा व्यास सुमारे ७७४ मिमी होतो. मित्रांनी सुचवलेल्या २६५/७५ आर १६ चा व्यास होतो सुमारे ८०४ मिमी. फरक ३० मिमीचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे फक्त १५ मिमी.

आता दुष्परिणाम. मोठे टायर सहसा जड असतात. ते फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा प्रत्यक्ष वेग सुमारे ८३ असतो. टायर आत घासू नयेत म्हणून अनेक जण लिफ्ट किटही बसवतात. मग गाडीचा गुरुत्वमध्य आणखी वर जातो आणि घाटातल्या वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करण्यावर बंधन आहे.

डॉक्टर म्हणून मला आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली कंबर. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत संवेदनशील असतो. जड, टणक टायर खड्ड्यांचे हादरे जास्त पोहोचवू शकतात. दुसरी गोष्ट गुडघे. माझी आई ऐंशीची आहे, दोन्ही गुडघे झिजलेले. पायरी चढताना गुडघ्याच्या वाटीमागच्या सांध्यावर वजनाच्या कित्येक पट भार येतो. आताच ती हँडल धरून, माझ्या खांद्यावर हात ठेवून कशीबशी चढते. लिफ्ट किट बसवले तर ती गाडीत बसणेच सोडून देईल.

मग मूळ निदानाकडे वळलो. माझी गाडी अडते तेव्हा नेमके काय होते? तिचे पोट दगडाला टेकते, की चाके जागच्या जागी फिरतात? माझ्या रस्त्यावर पोट एकदाही टेकले नाही. झिजलेल्या नक्षीत चिखल भरतो आणि पकड सुटते. आजार पकडीचा आहे, उंचीचा नाही!

म्हणून मी मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे ऑल-टेरेन टायर घेतले. चिखलात उतरण्याआधी हवा साधारण २० पीएसआयपर्यंत कमी करतो. टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर येताच छोट्या पंपाने हवा पुन्हा भरतो. कमी हवेवर वेगाने चालवल्यास टायर तापून फुटू शकतो, हे विसरू नका. या पावसाळ्यात वाडीवरची एकही फेरी चुकली नाही.

ज्यांची गाडी खरोखरच खडकांवर टेकते, त्यांना मोठ्या टायरची गरज असू शकते. त्यांनी ते जरूर घ्यावेत, पण जाणकाराला विचारून, कायदा आणि विमा तपासून. बाकीच्यांनी आधी हे पाहावे की गाडी वर्षातून किती दिवस कच्च्या रस्त्यावर जाते आणि तिच्यात रोज कोण बसते. कंबरदुखी असेल तर लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चाला. आणि महिन्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासा. त्याला फारसा खर्च येत नाही.