आटे गेले, खुंटी झिजली

हल्ली लाकूड कापायच्या मशीनची चेन सैल झाली, की कव्हरवरचं चाक दोन बोटांनी फिरवतात आणि कामाला लागतात. पाना नको, पेचकस नको, आणि मुख्य म्हणजे शेजारी उभं राहून "अजून थोडं... अजून... हां, बास" म्हणणारा माणूसही नको. आमची माणगावातली पिढी नेमकी त्या शेजारी उभं राहणाऱ्यांची. त्यामुळे या चाकाबद्दल आमच्या मनात अढी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

जुन्या मशीनचा कारभार उघडा होता. दोन नट काढायचे, कव्हर बाजूला ठेवायचं आणि आत तेलात भिजून घट्ट बसलेला भुसा खरवडायचा. भुसा निघाला की बोटभर स्क्रू दिसायचा आणि त्यावर पुढे-मागे सरकणारी एक बारकी खुंटी. चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या भोकात ही खुंटी बसे. स्क्रू फिरवला की खुंटी सरके, पट्टी पुढे जाई आणि चेन ताठ होई. बिघाडही तितकाच सरळ. कुणीतरी नट सैल न करताच स्क्रू पिळायचा आणि आटे जायचे. नाहीतर खुंटी झिजून भोकातून निसटायची. मग स्क्रू रद्दी पेपरात गुंडाळून लेथवाल्याकडे. तो वैद्याने नाडी बघावी तसा अंगठ्याच्या नखाने आटे चाचपायचा आणि म्हणायचा, "आटे गेलेत, भाऊ. नवे पाडतो. खुंटीवर वेल्डिंगचा थेंब टाकून कानस मारतो. संध्याकाळी या." ही संध्याकाळ बहुधा परवाची असे.

आता चाकातले प्लॅस्टिकचे दाते गेले, तर दुकानदार मशीन न उघडताच सांगतो, "पूर्ण कव्हर बदला." फोनवरून मागवलं की कव्हर घरपोच येतं. लेथवाल्याच्या संध्याकाळपेक्षा लवकरच येतं, हे नाकबूल कशाला करा? पूर्वी लेथवर जमलं नाही, तर तो स्क्रू नमुना म्हणून मुंबईला निघालेल्या कुणाच्या तरी खिशात जायचा. त्याने नागदेवी स्ट्रीटची दुकानं पालथी घालायची आणि इथे अंगणातल्या ओंडक्याने पाऊस खायचा. 1993 साली कोकण रेल्वे रोह्यापासून वीरपर्यंत आली, माणगावला स्टेशन झालं. स्क्रू एसटीतून उतरून रेल्वेत बसला, खिसा मात्र दुसऱ्याचाच राहिला.

आमच्या वडिलांना हा स्क्रूदेखील थेरच वाटायचा. त्यांचा जीव दोघांनी ओढायच्या करवतीत. फणसाचा ओंडका उंचावर ठेवायचा, एकजण वर, एकजण खाली. तो एकसुरी खर्र-खर्र आवाज आठवून ते हळहळायचे. पण हळहळणारे सगळे बांधावर चहा पीत बसलेले. डोळ्यांत भुसा घेणाऱ्या खालच्या माणसाने त्या करवतीसाठी गळा काढल्याचं आम्ही तरी ऐकलं नाही. स्मरणरंजन हे बरेचदा बघ्यांचं असतं, आणि आमचंही त्याला अपवाद नसावं.

तसं यंत्रालाही एकट्याच्या हातात यायला वेळ लागला. जर्मनीत आंद्रेआस स्टीलने 1926 साली केलेली विजेवरची करवत दोघांनीच धरावी लागे. एकट्याला पेलेल अशी त्याच्या कंपनीची पेट्रोलची मशीन आली 1950 साली. दरम्यान अमेरिकेत ओरेगॉनमधल्या जो कॉक्सने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून चेनचे दात घडवले होते. आंब्याच्या खोडातल्या ज्या भिरुडाच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याच्याच कुळातली ती अळी. आज जगभर चेनच्या मशीनने लाकूड कापलं जातं ते बहुतेक तिच्याच पद्धतीने.

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि माणगाव, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या वाड्या-रस्त्यांवर झाडं आडवी झाली. टाळेबंदीत दुकानं बंद, वीज गेलेली, म्हणजे लेथही बंद. तेव्हा जुन्या मशीनवाल्यांनी ओट्यावर बसून कानशीने खुंटी घासून बसवली, आणि आम्हाला भलताच अभिमान वाटला. पण रस्ते मोकळे केले ते बहुतांशी नव्या मशीननी. पिळवटून पडलेल्या खोडात जुनी मशीन घालणं म्हणजे जिवाशी खेळ. पट्टीने उसळी घेतली तर तिच्यात चेन थांबवणारा ब्रेकच नव्हता. हादऱ्यांनी बोटं पांढरी पडून बधीर व्हायची ती वेगळीच.

तरीही एक गोष्ट गेल्याची चुटपुट आहे. पट्टीचं नाक वर उचलून धरायचं, चेन खालून पट्टीला टेकेपर्यंत स्क्रू फिरवायचा, नाक तसंच धरून नट आवळायचे. मग फडकं घेऊन चेन हाताने ओढून बघायची: लोंबायला नको आणि अडायलाही नको. काम संपलं की ती पुन्हा थोडी सैल करायची, कारण गरम चेन गार होताना आखडते आणि बेअरिंगवर ताण येतो. दिवस संपला तो या सैल करण्याने. खरं तर नव्या मशीनलाही हे सगळं लागतंच. पुस्तिकेत चित्रांसकट छापलेलं असतं, आणि पुस्तिका खोक्यात असते.

म्हणजे चाकाने फक्त कष्ट वाचवले. हात लावून बघायची सवय आपणच सोडली. तेव्हा कुणी विचारलंच, तर आम्ही सांगू की नवीच घ्या, ब्रेकवाली घ्या. दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली, तर जुन्याच्या नावाने हळहळायला उभा जन्म पडलाय.