माद्रिदमधली मनाई

माद्रिदच्या रेतिरो बागेत रविवारी सकाळी जरा बसलं, की स्पॅनिशमधली मनाई कानावर पडत राहते. ‘नो कोर्रास’, पळू नकोस. ‘नो ग्रीतेस’, ओरडू नकोस. ‘नो योरेस’, रडू नकोस. आया, आज्या, पोराची सायकल धरून चालणारे बाबा, सगळ्यांच्या तोंडी हेच.

नियम छोटा आहे. ‘आब्ला’ म्हणजे बोल. पण बोलू नकोस म्हणायला ‘नो आब्ला’ चालत नाही, ‘नो आब्लेस’ म्हणावं लागतं. मूळ क्रियापद ‘आर’ने संपत असेल तर ‘आ’ जाऊन ‘ए’ येतो. ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांचं उलट: ‘कोमे’ म्हणजे खा, ‘नो कोमास’ म्हणजे खाऊ नकोस, ‘एस्क्रीबे’ म्हणजे लिही, ‘नो एस्क्रीबास’ म्हणजे लिहू नकोस. ही बदललेली रूपं मुळात आज्ञेची नाहीतच. इच्छा, शंका, आशा ज्या रूपांनी बोलायच्या, तीच मनाईच्या कामी येतात. व्याकरणाने पाहिलं तर ही माणसं ‘तू बोलू नयेस’ असं म्हणत असतात. मला ही रीत फार आवडते.

नेरुळ, वाशी, खारघरकडून इथे शिकायला येणारी मुलं हा धडा इंग्रजीतून गिरवून येतात आणि नेमकी इथेच अडतात. इंग्रजीत ‘डोन्ट’ लावला की झालं, क्रियापद जागचं हलत नाही. हिंदीतही ‘बोलो’चं ‘मत बोलो’. मराठीत मात्र ‘बोल’ला ‘नको’ चिकटवता येत नाही, आधी त्याचं ‘बोलू’ करावं लागतं. म्हणजे मनाई करताना क्रियापद रूप बदलतं, हे आपल्या कानाला लहानपणापासून ठाऊक आहे. फरक एवढाच, की समोर कोण आहे ते आपल्याकडे नकार सांगतो: मुलाला ‘नकोस’, सासऱ्यांना ‘नका’. स्पॅनिशमध्ये ‘नो’ तसाच राहतो आणि ते काम क्रियापदाचा शेवट करतो. ‘तू’ला ‘नो आब्लेस’, मान द्यायचा त्या ‘उस्तेद’ला ‘नो आब्ले’, आणि स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला ‘नो आब्लेइस’. म्हणून मी या मुलांना कळकळीने सांगते, इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीवरून शिका.

आई नेरुळहून आली होती, तेव्हा तिला आंतोन मार्तीनच्या मंडईत घेऊन गेले. आयुष्यभर टोमॅटो दाबून, वास घेऊन घेतलेले. तिने सवयीने हात पुढे केला. इथे बऱ्याच फळवाल्यांकडे गिऱ्हाइकाने मालाला हात लावायचा नसतो. काय हवं ते सांगायचं, तो निवडून देतो. ‘नो तोके, सेन्योरा,’ तो हसून म्हणाला. आई वरमली. तिचा चेहरा पाहून तो लगेच म्हणाला, ‘नो से प्रेओकूपे’, काळजी करू नका. दोन्ही वाक्यं ‘उस्तेद’ची, दोन्हींचा शेवट ‘ए’. तोकार काय, प्रेओकूपार काय, दोन्ही ‘आर’चीच.

त्याच्या पेट्यांवर पाटी होती: ‘नो तोकार’. पाटीवर क्रियापदाचं मूळ रूपच ठेवतात, कारण तिथे समोर ‘तू’ नाही की ‘उस्तेद’ नाही. आईने अर्थ विचारला. ‘हात लावू नये,’ मी म्हटलं. ‘मग असं सरळ लिहिलंय की,’ ती म्हणाली आणि बोटाने दाखवून किलोभर टोमॅटो निवडून घेतले.