दगडाचं सोंग

टिटवीच्या अंड्याला घर म्हणावं असं काही नसतं. ऐन उन्हाळ्यात माळावर नाहीतर नांगरून टाकलेल्या रानात एक उथळ खळगा, कडेला चार खडे, थोड्या शेळीच्या लेंड्या. एवढ्यावर त्याचं भागतं. ना काडी, ना कापूस, ना डोक्यावर फांदी. पण सोंग आणावं तर यानंच! जेमतेम चार सेंटीमीटर लांब, मातकट अंग, त्यावर काळपट तपकिरी डाग. पायाशी असलं तरी खडाच वाटतं. गंमत म्हणजे ते तपकिरी डाग ज्या रंगद्रव्याचे, ते प्रोटोपॉर्फिरिन रक्ताच्या लाल रंगाच्या घडणीतही लागतं.

अंडी बहुधा चार. एक टोक गोल, दुसरं निमुळतं. निमुळती टोकं आत करून ती अशी दाटीवाटीनं बसतात, की टिटवीच्या पोटाखाली चौघांची सोय होते.

वरून दगड, पण आत सगळी धावपळ. कॅल्शियम कार्बोनेटच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ बाहेर पडते. गोल टोकाशी हवेची पोकळी. कवच फोडण्याआधी पिल्लू पहिला श्वास तिथलाच घेतं.

दुपारी माळ तापला की अंडं उबवण्यापेक्षा ते भाजू न देणं महत्त्वाचं. नर-मादी पाळीपाळीनं बसतात, पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात. असे सुमारे 28 ते 30 दिवस काढल्यावर पिल्लू बाहेर येतं आणि अंग वाळतं न वाळतं तोच चालू लागतं.

या अंड्याचा मानही मोठा. अंडी उंचवट्यावर दिसली तर पाऊस दांडगा, सखलात दिसली तर बेताचा, असा जुन्या शेतकऱ्यांचा ठोकताळा. पंचतंत्रात तर पळवलेली टिटवीची अंडी समुद्राला परत करावी लागली.

ट्रॅक्टरच्या चाकापुढे मात्र हे सोंग चालत नाही. रानपाखरांची अंडी उचलणं किंवा फोडणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर तिला हुसकू नका. जागीच थांबा, पायाखाली नीट बघा आणि आल्या वाटेनं मागे फिरा.