गुण्याबाहेर

रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांचं मराठी करण्यात माझी निम्मी हयात गेली. त्यात सर्वांत जास्त छळलं ते 'ॲबनॉर्मली' या शब्दानं. सुरुवातीला मी कोशातला प्रतिशब्द उचलायचो : 'प्लेटलेट्स अपसामान्यपणे कमी आहेत.' वाक्य शुद्ध, पण कळणार कुणाला? त्याच्याही आधी एकदा 'विकृतपणे वाढलेली गाठ' असं लिहून बसलो होतो. आठवलं की अजून कान गरम होतात.

या शब्दाच्या पोटात लॅटिन 'नॉर्मा' आहे, म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्याला धरून नाही ते ॲबनॉर्मल. होरेस या रोमन कवीनं तर ओफेलस नावाच्या शेतकऱ्याला हे विशेषण कौतुकानं लावलं : कुठल्याही पंथात न बसणारा शहाणा. दवाखान्याचा वास या शब्दाला फार नंतर लागला.

हे कळल्यापासून मी आधी बघतो, गुण्या कुणाचा? रक्ततपासणीच्या कागदावरची मर्यादा बहुधा निरोगी माणसांतल्या मधल्या 95 टक्क्यांवरून आखतात. म्हणजे 20 धडधाकट माणसांतला एखादा रेषेबाहेर जायचाच. त्याला विकृत कसं म्हणणार? तिथे 'नेहमीच्या मर्यादेपेक्षा कमी' एवढं पुरतं. 'अनयुज्वली' त्या मानानं गरीब शब्द. मुलगा 'अनयुज्वली' उंच आहे म्हटलं तर आई सुखावेल. 'ॲबनॉर्मली' उंच म्हटलं तर त्याला घेऊन डॉक्टरांकडे धावेल.

बोलीत आपल्याकडे 'भलताच' आहे. भलताच उंच, भलतीच महाग, भलतंच गोड. लिंगाप्रमाणे रूप बदलतो. शिवाय 'भलतं काही बोलू नकोस' म्हणताना नापसंतीही वाहून नेतो. मला तो फार आवडतो, पण माहितीपत्रकात चालत नाही. 'साखर भलतीच वाढली आहे' हे डॉक्टरांपेक्षा शेजारणीनं सांगितल्यासारखं वाटतं.

मध्यंतरी नवजात बाळांवरचं एक पत्रक आलं. बाळ 'ॲबनॉर्मली स्लीपी' असेल तर लगेच दाखवा, असं त्यात होतं. नवजात बाळ एरवीही दिवसभर झोपतंच; आईनं ओळखायचं कसं? प्रमाणाबाहेर, नेहमीपेक्षा जास्त, असं सगळं खोडून शेवटी डॉक्टरांनाच फोन लावला. "म्हणजे किती हो?"

"अहो, पाजायला उठवलं तरी उठत नाही, इतकं."

मी क्रियाविशेषण काढून टाकलं आणि लिहिलं : 'दूध पाजण्यासाठी उठवूनही बाळ जागं होत नसेल, तर…'