आईच्या कुड्या

लिंबायतच्या आमच्या खोलीत आईच्या कानातल्या कुड्या तेवढ्या चमचमायच्या. आप्पा हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसत, म्हणून खडे खरेच असणार अशी माझी समजूत. बीईची फी भरायची वेळ आली तेव्हा आईने त्या सोनाराकडे नेल्या. त्याने खड्यावर तोंडाची वाफ सोडली. ती लगेच उडाली नाही. "अमेरिकन डायमंड," तो म्हणाला.

हिरा उष्णता झटकन वाहून नेतो, त्यामुळे त्यावर वाफ टिकत नाही. हा खडा म्हणजे झिर्कोनियमचं ऑक्साइड. ते उष्णता सहज जाऊ देत नाही आणि वजनालाही हिऱ्याहून जड.

मला आप्पांचा राग आला. आई म्हणाली, "अरे, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." कुड्या परत कानात गेल्या, फी कर्ज काढून भरली.

पुढे वाचनात आलं, काकरापारच्या अणुभट्टीत युरेनियमचं इंधन ज्या नळ्यांत भरतात, त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्याच. हा धातू न्यूट्रॉन फारसे शोषत नाही, गरम पाण्यातही सहसा गंजत नाही. आप्पांना हे सांगितलं, तर आईकडे बघून म्हणाले, "बघ, मी काही खोटं दिलं नव्हतं!"